बेटांवरची झाडं आणि त्यांचे उपयोग

उष्ण कटिबंधातली बेटं म्हणजे इकडे लक्षद्वीप, मालदीव, सेशेल्स, मॉरिशस आणि तिकडे इंडोनेशियापासून पार ताहिती, सामोआ, किरिबातीपर्यंत. एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब, पण किनाऱ्यावरची झाडं बघाल तर पुन्हा पुन्हा तीच तीच, नारळ, केवड्याचे भाऊबंद, उंडी, देशी बदाम, परस पिंपळ, नीरफणस. कारण साधं आहे, यातल्या बऱ्याच झाडांची फळं पाण्यावर तरंगतात आणि खाऱ्या पाण्यात बरेच दिवस राहिली तरी आतलं बी मरत नाही, आणि जी तरंगत नाहीत ती माणसांनी होडीत घालून नेली. पुण्याला समुद्र नाही, तरी यातल्या बहुतेक झाडांचं काही ना काही इथे पोचलेलंच आहे, कधी देवघरात, कधी मसाल्याच्या डब्यात, कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. फरक एवढाच की आपण झाडाचा एक तुकडा घेतो आणि बेटावरचे लोक अख्खं झाड वापरतात, कारण प्रवाळाच्या बेटावर धातू नाही, भांडी करायला चिकणमाती नाही, जे काय करायचं ते झाडातूनच.

नारळाचं बघा. मार्केट यार्डात दक्षिणेकडून ट्रक भरून नारळ येतो, आपण शेंडी ठेवून तो पूजेला घेतो, फोडतो, खोबरं खवतो आणि करवंटी कचऱ्यात. मालदीवमध्ये नारळ हे राष्ट्रीय झाड आहे आणि तिथली पारंपरिक होडी, म्हणजे धोणी, नारळाच्याच लाकडाची असायची, जुन्या काळी तर फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवत. काथ्या काढायचा म्हणजे नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवायची, मग बडवून धागा सुटा करायचा आणि वळायचा. हा दोर खाऱ्या पाण्यात टिकतो, म्हणून अरब व्यापारीसुद्धा जहाजांसाठी तोच घ्यायचे. आपण ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ म्हणतो तो सुंभ हाच, पण पुण्यात आता प्लास्टिकची दोरी झाल्यावर हे कोणाला आठवतंय. मार्शल बेटांवरचे खलाशी तर झावळीचे हीर एकमेकांना बांधून लाटांचे नकाशे करायचे, कुठल्या बेटाला आपटून लाट कशी वळते ते हिरांनी दाखवायचं आणि बेटाच्या जागी एक शिंपला बांधायचा. नकाशा होडीत न्यायचा नाही, किनाऱ्यावर पाठ करायचा! किरिबातीत पोयीला, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याला, काप देऊन निघणारा गोड रस, म्हणजे आपली नीरा, रोजच्या आहारात असतो, आटवला की पाक, ठेवला की माडी. करवंटी मात्र आपल्याकडे दुसऱ्या दाराने परत येते, पाण्याच्या फिल्टरमध्ये जो काळा कार्बन असतो तो बऱ्याचदा करवंटीच्या कोळशाचाच असतो.

नीरफणस, काहीजण विलायती फणस म्हणतात, हे लक्षद्वीपचं राज्यवृक्ष. फणसाच्याच जातभाईंपैकी पण फळ लहान, आणि चांगल्या जातीत बी नसतंच, म्हणजे ते आपलं आपण कुठे जाऊ शकत नाही, मुळापासून फुटलेली रोपं माणसांनीच न्यूगिनीकडून पूर्वेला बेटाबेटावर नेली. एक झाड लागलं की वर्षानुवर्षं पिष्टमय फळ देतं, आणि हंगाम संपल्यावरचं काय, तर पॅसिफिकमधल्या बऱ्याच बेटांवर फळं खड्ड्यात पानं लावून पुरतात आणि आंबवून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं खातात, वादळाने बाग झोपली तर हाच साठा. चीक होडीच्या फटी बुजवायला. युरोपियन लोकांना यात वेगळंच दिसलं, कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यातल्या गुलामांना पोसायला स्वस्त अन्न. त्यासाठी इंग्रज नौदल अधिकारी विल्यम ब्लाय 1787 मध्ये ‘बाउंटी’ जहाज घेऊन ताहितीला निघाला, रोपं तयार होईपर्यंत तिथे पाचेक महिने थांबला, आणि परत निघाल्यावर एप्रिल 1789 मध्ये खलाशांनी बंड करून त्याला छोट्या होडीत सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. पठ्ठ्या तरी दुसऱ्यांदा गेला आणि 1793 मध्ये रोपं जमैकाला पोचवली. ज्यांच्यासाठी आणली त्यांना ते फळ आधी आवडलंच नाही, आज मात्र तिथे भाजून आवडीने खातात. आपल्याकडे मालवणी घरात याची कापं, तिखट-मीठ-हळद लावून रव्यात घोळवून तव्यावर. पुण्यात कोकणी मालाच्या दुकानात हंगामात कधीतरी मिळतो, दिसला तर सोडू नका, बटाट्याची कापं त्याच्यापुढे काहीच नाहीत.

केवडा म्हटलं की पुण्यात गणपती-गौरी, एकवीस पत्रींमध्ये त्याचं पान, आणि मंडईबाहेर महाग मिळणारा तो कणसासारखा तुरा. तो वास नर फुलाचा. (शंकराला मात्र केतकी वाहत नाहीत, ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली म्हणून.) बेटांवरच्या केवड्याच्या जातींचा भाव मात्र पानाला. काटे काढून, वाळवून, चिरून त्याच्या चटया विणतात, जुन्या काळी होड्यांची शिडंसुद्धा. सामोआत बारीक विणीची चटई लग्नात, मयताला, मोठ्या माणसाच्या मानपानात द्यावी लागते, एकेक विणायला कित्येक महिने जातात, आणि 2019 मध्ये ती युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. म्हणजे आपल्याकडच्या शालूसारखंच, अंगावर कमी आणि देण्याघेण्यात जास्त.

लाकडाची झाडं वेगळी. उंडीचं लाकूड होडीला, बियांचं तेल कोकणात दिव्याला आणि दुखऱ्या सांध्यांना, ताहितीत तेच तेल अंगाला लावतात आणि हल्ली ते तमानू नावाने ब्युटी प्रॉडक्ट म्हणून ऑनलाइन बाटलीत मिळतं. परस पिंपळाचं लाकूड हवाईत वाडग्यांसाठी, कारण अन्नाला त्याची चव लागत नाही. सुरू इतकं कडक की टोंगा-फिजीकडे त्याच्या गदा करायचे. कोकणात सुरूची बनं वाळू अडवायला लावली, पण जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनच्या बाजूला नारळी-पोफळींबरोबर तीही आडवी झाली. देशी बदाम पुण्यात सगळ्यांच्या ओळखीचा, पानं गळायच्या आधी लालभडक होतात आणि शाळेतली पोरं फळ दगडाने फोडून आतली इवलीशी गिरी खातात.

जायफळाबद्दल मात्र थांबायलाच हवं. श्रीखंडात, पुरणात, बाळगुटीत, आपल्या घरात ते इतकं मुरलेलं आहे की ते मूळचं इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांचं हे खरंच वाटत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाला जायफळ आणि जायपत्री पुरवणारी ती जवळजवळ एकमेव जागा. त्या मक्तेदारीसाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने 1621 मध्ये तिथले बहुतेक लोक मारले किंवा गुलाम करून नेले आणि मळ्यांवर बाहेरून गुलाम आणले. यातलंच रन नावाचं बेट इंग्रजांनी 1667 च्या ब्रेडा तहात डचांना सोडलं आणि मॅनहॅटन, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा मधला भाग, आपल्याकडे ठेवलं, तेव्हा कोणाला सौदा फायद्याचा वाटला असेल! पुढे फ्रेंचांनी रोपं चोरून मॉरिशसला नेली आणि मक्तेदारी मोडली. झाड नर आणि मादी वेगळं असतं, म्हणून बियांपासून लावलं तर फुलं येईपर्यंत कळतच नाही, त्यामुळे आता कलमं करतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणासाठी ‘कोकण सुगंधा’सारख्या जाती काढल्या आहेत आणि नारळाच्या बागेत सावलीला जायफळ छान येतं.

शेवटचं झाड सगळ्यात विचित्र, दर्याई नारळ. काष्ठौषधींच्या दुकानात याचे पांढरे कडक तुकडे मिळतात, युनानी औषधात वापरतात, आणि दोन पेरांच्या त्या कवचाचं कश्कूल म्हणजे फकिराचं भिक्षापात्र. शतकानुशतकं लोकांना फक्त वाहून आलेलं रिकामं कवच सापडायचं, त्यामुळे हे झाड समुद्राच्या तळाशी असतं अशीच समजूत होती, आणि मालदीवमध्ये कोणाला सापडलं तर ते राजाला द्यावं लागे. 1768 मध्ये सेशेल्सच्या प्रालिन बेटावर झाड सापडलं तेव्हा उलगडा झाला. जगातलं सगळ्यात जड बी, वीस किलोच्या वर जाऊ शकतं, आणि जिवंत बी पाण्यात बुडतं, म्हणून बाकीची झाडं पसरली तसं हे झाड सेशेल्स सोडून आपलं आपण कधी गेलंच नाही. तिथलं व्हॅले द मे जंगल 1983 पासून जागतिक वारसा आहे, आणि आता हे बी देशाबाहेर न्यायचं तर सरकारी परवाना लागतो.