भिंत पाणी पिते कशी?

पावसाळा संपत आला की मामाच्या घरी एकच विषय, भिंतीचे पोपडे. चिऱ्याचं जुनं घर, जोत्यापासून दोन-अडीच फूट ओल. यंदा कुणीतरी वास्तुदोष सांगून पिरॅमिड बसवायला लावला. ओल आपली तशीच, फक्त पिरॅमिडचे पैसे गेले.

खरं कारण निरांजनात बघा. तेल खाली असतं आणि वातीतून वर चढतं, कारण धाग्यांमधल्या बारीक फटींच्या कडांना ते चिकटतं आणि पृष्ठताण त्याला वर ओढतो. याला केशाकर्षण म्हणतात. चिरा, वीट, सिमेंटचे सांधे यांत अशाच फटी असतात. गंमत म्हणजे फट जितकी बारीक तितकं पाणी उंच जातं. १ मिमी व्यासाच्या नळीत साधारण ३ सेंमी, ०.१ मिमीत ३० सेंमी, ०.०१ मिमीत ३ मीटर! सूत्र सांगायचं तर उंची म्हणजे दोन गॅमा कॉस थीटा भागिले रो जी आर (गॅमा पृष्ठताण, थीटा पाणी फटीच्या कडेला टेकतं तो कोन, रो पाण्याची घनता, जी गुरुत्व, आर नळीची त्रिज्या), त्यातला आर खाली असल्यामुळेच हा खेळ होतो (डोकं दुखलं तर सोडून द्या).

मग भिंत छतापर्यंत का भिजत नाही? कारण चढता चढता पाणी पृष्ठभागावरून वाळतही असतं. म्हणून ऑइलपेंट मारला किंवा कमरेपर्यंत टाइल्स लावल्या की वाळणं थांबतं आणि ओल टाइल्सच्या वर जाऊन डोकावते. पाणी वाळताना क्षार मागे ठेवतं, त्यांचे स्फटिक प्लास्टरच्या आत वाढतात आणि ते फोडतात, तोच लोणा.

फरशीखाली दगडाचं सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर) करतात ते फक्त मजबुतीसाठी असं सगळे समजतात. पण दगडांमधल्या १ सेंमीच्या पोकळीत पाणी जेमतेम ३ मिमी चढतं, म्हणजे ती मोठी पोकळीच पाण्याचा रस्ता तोडते. फटींत बारीक माती गच्च भरली की मात्र ती माती स्वतःच वात होते.

नव्या घरात जोत्यावर काँक्रीटची डीपीसी (ओल अडवणारा थर) आणि वर डांबराचा हात देतात. अंगणाचा उतारही घरापासून बाहेरच्या बाजूला हवा. जुन्या भिंतीत खालच्या सांध्यात ओळीने भोकं पाडून सिलेन नावाचं रसायन भरतात, त्याने फटी बंद होत नाहीत, त्यांच्या कडा पाण्याला नकोशा होतात. वरच्या सूत्रातला कॉस थीटा उणे होतो आणि तीच फट पाणी वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलते. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, भोकं पाडून भिंत पडणार नाही ना?