कायद्यातली पीएच.डी.: अर्ज नेमका कुठे अडकतो

एलएल.एम. (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) झालं, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघाली, तरी पीएच.डी.चा प्रवेश हातचा जातो. अशा वेळी बहुतेकदा अभ्यास कमी पडलेला नसतो. एखादा दाखला जुना निघतो, एखादं पत्र नीट लिहिलेलं नसतं, नाहीतर तारीख चुकीची मोजलेली असते. मूळ नियम यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग), नोव्हेंबर २०२२ चे. त्यावर प्रत्येक विद्यापीठ आपलं परिपत्रक काढतं, म्हणून दोन्ही वाचा.

पहिली अडचण टक्क्यांची. एलएल.एम.ला एकूण ५५ टक्के हवेत; अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) यांना ५० चालतात. ५४.९ चे ५५ कुणी करून देत नाही. लॉच्या पेपरांत गुण हात राखूनच मिळतात, त्यामुळे इथेच बरेच जण गळतात. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल, तर टक्केवारीचं पत्र आपल्या विद्यापीठाकडून घ्या. स्वतः दहाने गुणून आकडा भरू नका.

प्रवेश परीक्षेचं चित्र २०२४-२५ पासून बदललं. नेटच्या निकालात आता तीन गट असतात: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी.साठी पात्र, आणि फक्त पीएच.डी.साठी पात्र. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. घोळ होतो तो मुदतीचा. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता कायमची असते, पण पीएच.डी. प्रवेशासाठी या दोन गटांचे गुण एकच वर्ष चालतात. ‘नेट आहे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. काही विद्यापीठं अजून स्वतःची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) घेतात. सेट (राज्याची पात्रता परीक्षा) झालेल्यांना त्यातून सूट आहे का, हे जाहिरातीतच बघा.

लॉवाल्यांना सहसा माहीत नसलेली एक सवलत: जेआरएफची वयोमर्यादा ३० वर्षं आहे, पण एलएल.एम. असलेल्यांना ३ वर्षं वाढवून मिळतात. महिला आणि (ईडब्ल्यूएस सोडून) आरक्षित गटांना ५ मिळतातच. दोन्ही जोडून मात्र ५ च्या पुढे जात नाही.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी आधी दाखल्यांच्या तारखा बघाव्यात. नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. अर्ज फेब्रुवारीत भरला आणि कागदपडताळणी जूनमध्ये लागली, की टेबलापलीकडून तोच दाखला परत येतो. नेटच्या अर्जाला ओबीसींचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग तर केंद्राच्या यादीतच नाही. जात वैधता प्रमाणपत्र नसेल, तर समितीकडे अर्ज आजच टाका. जाहिरात आल्यावर धावपळ करून ते मिळत नाही.

आता सगळ्यात जास्त परत येणारा कागद: नोकरी करणाऱ्यांचं ना-हरकत पत्र. अर्धवेळ पीएच.डी.ला ते लागतंच. ‘यांनी पीएच.डी. करण्यास आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्र आणलं तर ते नाकारलं जातं, आणि नियमाप्रमाणे बरोबरच नाकारलं जातं. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप बघता संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) कार्यमुक्त केलं जाईल. मसुदा स्वतः टाइप करून साहेबांपुढे ठेवा. वकिली करणाऱ्यांचं काय, तर त्यांना मालकच नाही. पत्र कुणाचं आणायचं, याचं उत्तर नियमात नाही आणि खिडकीवरही मिळत नाही. स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालेल का, हे विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या. जेआरएफ घेऊन (पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये) कोर्टातही उभं राहायचा बेत असेल, तर सोडून द्या. फेलोशिप पूर्णवेळ संशोधकासाठी आहे.

मार्गदर्शकाची संमती अर्जाआधी विचारून ठेवलेली बरी. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. ‘सर हो म्हणालेत’ याला अर्थ नाही, जागा रिकामी हवी.

संशोधनाच्या आराखड्यात दोन चुका नेहमीच्या. पहिली, जुनी कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या ४९८-अ वर (विवाहितेचा सासरी छळ) लिहिताना नव्या संहितेतल्या कलम ८५ आणि ८६ चा उल्लेखही नसेल, तर मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येणार. दुसरी, परवानगीचा विचार न करता ठरवलेलं क्षेत्रकाम. कैद्यांच्या मुलाखती घ्यायच्या तर कारागृह विभागाची मंजुरी लागते, आणि ती यायला वेळ लागतो. आकडेवारी माहिती अधिकारातून मागवणार असाल, तर ३० दिवस आणि वर पहिल्या अपिलाचे दिवस वेळापत्रकात धरा.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात ५५ टक्के, आणि दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण. यात फारसं कुणी अडकत नाही. अडकतात ते सहा वर्षांच्या हिशेबात. ही मुदत प्रवेशाच्या तारखेपासून चालू होते, विषयमंजुरीच्या पत्रापासून नाही. विद्यापीठाने मंजुरीला वर्ष लावलं, तरी ते वर्ष तुमच्याच खात्यात जातं. न्याय्य नाही, पण आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं मिळू शकतात, महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे अजून २. अर्ज मात्र मुदत संपायच्या आत करा. महिलांना बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

प्रबंध जमा करताना इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या आत लागतं. कायद्याच्या प्रबंधात कलमं आणि निकालपत्रांतले उतारे भरपूर, म्हणून आकडा फुगतो. संदर्भासह दिलेली अवतरणं नियमाने वगळायची असतात, पण सॉफ्टवेअर अवतरणचिन्हं बघून वगळतं. समास सोडून आत घेतलेला परिच्छेद ते तुमचाच मजकूर समजू शकतं. अशा प्रत्येक उताऱ्याला चिन्हं आणि तळटीप द्या, आणि अहवाल काढताना अवतरणं व संदर्भसूची वगळण्याचे पर्याय चालू आहेत का, हे ग्रंथालयात समोर बसून बघा. १० ते ४० टक्क्यांच्या मध्ये आकडा आला तर सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० मध्ये गेला तर वर्षभर जमा करता येत नाही.