‘फंजिबल’चा बुरशीशी संबंध नाही

‘फंजिबल’ हा इंग्रजी शब्द ‘फंगस’वरून आला, म्हणून त्याचा अर्थ लवकर खराब होणारं, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. हे साफ चूक आहे. मूळ लॅटिन क्रियापद ‘फुंगी’, म्हणजे काम बजावणं. ‘फंक्शन’ही त्याच कुळातला. बुरशीचा ‘फुंगुस’ हा वेगळाच शब्द. एका नगाच्या जागी त्याच जातीचा दुसरा बिनदिक्कत चालतो, ती वस्तू फंजिबल.

शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना तेच दाणे कुणी मागत नाही. तेवढीच साखर दिली की हिशेब मिटला. पण ज्या स्टीलच्या वाटीतून ती आणली, कडेला नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली, ती वाटी मात्र तीच परत जायला हवी. साखर फंजिबल, वाटी नाही.

शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवण्याच्या 1996च्या डिपॉझिटरीज कायद्यात हा शब्द आहे. कागदी शेअरवर क्रमांक असायचे. डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या, खात्यात ‘माझे तेच दहा शेअर’ असं काही उरत नाही. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येतं, ते प्रमाण. मुंबईत 2012पासूनचा ‘फंजिबल एफएसआय’ही याच अर्थाचा: बाल्कनीला वापरा की खोलीला, चौरस फूट तेच.

2021मध्ये एनएफटी, म्हणजे डिजिटल चित्रं वगैरेंच्या मालकीची नोंद असलेले ‘नॉन-फंजिबल टोकन’, गाजले तेव्हा आणखी एक गैरसमज पसरला, की ‘नॉन-फंजिबल’ म्हणजे विकता न येणारं. जुना वाडा नॉन-फंजिबलच असतो, तरी त्याचं खरेदीखत होतंच ना!