पगारवाढ, बक्षिसे आणि कर्मचारी गळती : नोंदींच्या आधारे निर्णय कसे घ्यावेत
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पगारवाढ, बोनस आणि बढती यांविषयीचे निर्णय अनेक आस्थापनांत गेल्या वर्षीच्या आकड्यांत थोडी भर घालून घेतले जातात. आणि एखाद्या जाणकार माणसाचा राजीनामा हाती पडला, की त्याच्यापुरता वेगळा निर्णय घाईने होतो. या दोन्ही वेळी लागणारी माहिती आपल्या कार्यालयात आधीपासूनच असते. पेरोल, हजेरी, रुजू होण्याच्या आणि सोडून जाण्याच्या तारखा, अप्रेझलचे शेरे आणि बढत्यांचा इतिहास या नोंदी एकमेकींशी जोडून त्यांतून कामाचे प्रश्न विचारणे म्हणजे मनुष्यबळ विश्लेषण. या विश्लेषणाने ‘आता कोण जाणार’ याचा अंदाज बांधण्यापेक्षा ‘आपल्या कोणत्या नियमामुळे माणसे जात आहेत’ हे शोधावे, असे आमचे ठाम मत आहे, आणि आमचे सर्व काम त्याच दिशेने चालते.

सुरुवात गळतीच्या दरापासून होते. वर्षभरात सोडून गेलेल्यांच्या संख्येला त्या वर्षातील सरासरी कर्मचारीसंख्येने भागून शंभराने गुणले, की हा दर मिळतो. हिशेब सोपा आहे, पण त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. शंभर माणसांच्या एका आस्थापनेतून दहा वर्षांचा अनुभव असलेले वीस जण गेले आणि दुसरीत त्याच पाच जागा वर्षभरात चार-चार वेळा रिकाम्या झाल्या, तर दोन्हीकडे दर २० टक्केच येतो. पहिल्या ठिकाणी बहुधा बढतीची वाट अडलेली असते, तर दुसऱ्या ठिकाणी भरतीच्या वेळी सांगितलेले काम आणि प्रत्यक्षातले काम यांत अंतर असण्याची शक्यता मोठी असते. आणि ते अंतर वर्षाअखेरच्या बोनसने भरून निघत नाही, कारण तो मिळण्याआधीच माणूस गेलेला असतो. म्हणून आम्ही निवृत्ती, कपात आणि स्वेच्छेने दिलेले राजीनामे वेगळे करतो आणि मग नोकरीच्या कितव्या महिन्यात राजीनामे अधिक येतात ते पाहतो. यात एक चूक सर्रास होते : केवळ गेलेल्यांच्या सेवाकाळाची सरासरी काढली जाते आणि जे अजून टिकून आहेत ते हिशेबातून गळतात. रुग्ण किती काळ जगतात हे मोजण्यासाठी वैद्यकीय संशोधनात रूढ असलेली कॅप्लन आणि मायर यांची १९५८ची पद्धत अद्याप कामावर असलेल्यांचा काळही मोजते, त्यामुळे येथे तीच योग्य ठरते.

त्यानंतर पगार. प्रत्येक पदाच्या वेतनश्रेणीचा मध्यबिंदू १०० धरून प्रत्येकाचा पगार त्याच्याशी ताडून पाहिला, की सहसा कोणी बोलून न दाखवलेली एक गोष्ट समोर येते. बाजारातील दर वाढलेले असल्याने नवा माणूस ९६वर रुजू होतो आणि दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढ मिळालेला पाच वर्षांचा अनुभवी सहकारी ९१वर राहिलेला असतो. शिवाय त्या नव्या माणसाला काम शिकवण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच असते. आपण किती देतो आणि किती मिळवतो याची तुलना माणूस सोबतच्यांशी करतो, हे स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये मांडले होते. असा उलटलेला क्रम आढळला, तर बक्षिसांची नवी योजना आखण्यापूर्वी तो सरळ करावा, असा आमचा सल्ला असतो. पगार न्याय्य झाल्याने कामाची गोडी आपोआप वाढते असे मात्र नाही. अपुरा पगार असंतोष निर्माण करतो, परंतु समाधान मुख्यतः कामातून, जबाबदारीतून आणि दखल घेतली जाण्यातून येते, ही फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९५९मधील मांडणी आहे. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली, तरी खर्च कोठे करावा हे ठरवताना ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

‘सोडून जाण्याची शक्यता असलेल्यांची नावे द्या’ अशी मागणी आमच्याकडे वारंवार येते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहोत. समजा, ५०० कर्मचारी आहेत आणि त्यांतील ५० जण वर्षभरात जाणार आहेत. संगणकीय प्रारूपाने त्या ५० पैकी ४० जण अचूक ओळखले आणि राहणाऱ्या ४५० पैकी केवळ २० टक्क्यांवर चुकीने बोट ठेवले, तरी यादीत १३० नावे येतात आणि त्यांतील ९० जण कोठेही जाणार नसतात. प्रारूप चांगले असूनही असे घडते, कारण मुळात जाणाऱ्यांची संख्या राहणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी असते. या यादीवरून थांबण्यासाठीचा भत्ता वाटला, तर बराचसा पैसा अस्थानी जातो. त्याहून गंभीर बाब अशी, की यादीतील व्यक्तीकडे वरिष्ठ संशयाने पाहू लागतात, तिला प्रशिक्षणातून किंवा महत्त्वाच्या कामातून वगळतात आणि जिचा जाण्याचा विचारही नव्हता तिला जाण्याचे कारण मिळते. म्हणून नावांची यादी आम्ही देत नाही. कोणत्या पदांवर, सेवेच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या वेतनस्थितीत गळती वाढते, हे मात्र आम्ही नेमके सांगतो.

योजना लागू केल्यावर तिचा परिणाम तपासणे तितकेच आवश्यक आहे. ज्या विभागात यंदा सर्वाधिक गळती झाली, तेथे पुढील वर्षी काहीही न करता ती बहुधा कमी होते, कारण टोकाच्या आकड्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. त्या घटीचे श्रेय नव्या बोनसला देणे ही फसगत ठरेल. शक्य असेल तेथे योजना आधी काही विभागांत आणि काही महिन्यांनी इतरांत सुरू करावी, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. बोनस जमा झाल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतील राजीनामेही पाहावेत, कारण कधी कधी गळती थांबलेली नसते, फक्त पुढे गेलेली असते. पाच जणांच्या गटातून एक जण गेला, तरी दर २० टक्के दिसतो. अशा छोट्या गटांची क्रमवारी लावून त्यांच्या प्रमुखांना जाब विचारू नये.

कामासाठी आम्हांला मागील तीन वर्षांच्या नोंदी लागतात. त्यांत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, पद, विभाग, रुजू होण्याची व सोडल्याची तारीख, सोडण्याचा प्रकार, पगारातील बदल आणि बढत्या एवढेच असावे. कर्मचाऱ्यांचे ईमेल, चॅट किंवा आजारपणाची कारणे आम्ही स्वीकारत नाही आणि पाचपेक्षा कमी व्यक्तींच्या गटाचे आकडे अहवालात दाखवत नाही. आपल्या नोंदींचा उपयोग कशासाठी होणार आहे, हे कर्मचाऱ्यांना काम सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावे, ही आमच्या करारातील अट आहे. त्या सूचनेचा मसुदा आम्ही आपणांस तयार करून देतो.