पावसाळ्यात दार फुगतं ते रुंदीला, उंचीला नाही

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. मेन डोअर घासायला लागलं, खांद्याने ढकलून लावावं लागलं तर तो वास्तुदोष, लक्ष्मीच्या वाटेत अडथळा, लगेच शांत करून घ्या. शेजारच्या आजींनी खरंच पैसे खर्चून काहीतरी करूनही घेतलं. मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्याच आठवड्यात पुण्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि आमच्या विंगमधली निम्मी लाकडी दारं घासत होती. दोष इतक्या घरांना एकाच आठवड्यात लागत नाही, दमट हवा मात्र सगळ्यांना एकदमच लागते.

दार फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण कसं फुगतं ते फार भारी आहे आणि ते कळलं की दाराची अर्धी दुरुस्ती आपोआप कळते.

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीत उभ्या रचलेल्या अतिशय बारीक नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या बनलेल्या असतात, म्हणजे साखरेच्याच कुटुंबातल्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्या साखळ्याही बहुतेक नळीच्या लांबीच्याच दिशेने पडलेल्या. प्रत्येक साखळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात ज्यांना पाण्याचा रेणू दिसला की त्या धरून ठेवतात (शाळेत हायड्रोजन बंध शिकलो तो हाच). हवेतली वाफ भिंतीत शिरते, पाण्याचे रेणू दोन साखळ्यांच्या मधे जाऊन बसतात आणि साखळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात. लक्ष द्या, दूर ढकलतात, लांब करत नाहीत. दोरखंड भिजला की जाड होतो पण लांब होत नाही, तसंच.

म्हणून लाकूड धाग्याच्या, म्हणजे या नळ्यांच्या, आडव्या दिशेला फुगतं आणि लांबीला जवळजवळ नाहीच. आडव्यातही दोन दिशा आहेत. खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत कमी आणि वार्षिक वलयांना समांतर दिशेत जास्त, कारण गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या त्या दिशेला आवळून धरतात. सागाचे आकडे सांगतो. ओलं सागवान पूर्ण सुकवलं तर वलयांच्या दिशेला साधारण 5.8 टक्के आकसतं, गाभा ते साल दिशेला 2.5 टक्के, आणि लांबीला फार तर 0.2 टक्के. साग दारासाठी चांगला मानतात त्यात वाळवीला न आवडणारी त्यातली रसायनं आहेतच, पण त्याचं हे कमी फुगणंही आहे.

आता पुण्याचा हिशेब करू. मार्च-एप्रिलात हवेची आर्द्रता दिवसरात्रीची सरासरी 35 टक्क्यांच्या आसपास, तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 7 टक्के पाणी राहतं. जुलैत आर्द्रता 80 च्या वर, लाकडातलं पाणी 17 टक्क्यांपर्यंत. फुगणं होतं ते लाकडातलं पाणी 0 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान असताना, त्याच्या वर पाणी नळ्यांच्या पोकळीत नुसतं साठतं, भिंती आणखी जाड होत नाहीत. म्हणजे आपला 10 टक्क्यांचा फरक हा एकूण फुगण्याचा तिसरा हिस्सा, 5.8 चा तिसरा हिस्सा सुमारे 1.9 टक्के. 900 मिलिमीटर रुंदीचं दार नुसत्या उभ्या फळ्या घट्ट चिकटवून केलं, तर ते 17 मिलिमीटरने जास्त रुंद होऊ शकतं! चौकटीत एवढी जागा कोण सोडतं?

आणि इथेच जुन्या सुतारांना नमस्कार करावासा वाटतो. पॅनलचं दार नीट बघा. बाजूला दोन उभ्या पट्ट्या, मधे आडव्या, आणि पॅनल, म्हणजे मधली फळी, त्यांच्या खाचेत नुसतं बसवलेलं, चिकटवलेलं नाही. पॅनल पावसाळ्यात खाचेतल्या खाचेत सरकतं, उन्हाळ्यात परत आत येतं, आणि त्याची झळ दाराच्या मापाला लागत नाही. आडव्या पट्ट्यांची लांबी जवळजवळ बदलत नाही. उरल्या दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी 100 मिलिमीटर, म्हणजे फुगणार फक्त 200 मिलिमीटर लाकूड, तेही 4 मिलिमीटरच्या आत. दोन्ही बाजूंना 3-3 मिलिमीटर जागा सोडली तर दार आरामात बसतं. पण दर दिवाळीला ऑइलपेंटचा एकेक हात चढत गेला आणि चौकटीच्या बाह्याही (बाजूचे उभे खांब) थोड्या फुगल्या की तीच जागा संपते.

पॅनल खाचेत फेविकॉल लावून पक्कं करू देऊ नका, कितीही मजबूत वाटलं तरी. अडकवलेलं पॅनल एक तर उन्हाळ्यात तडकतं किंवा पावसात पट्ट्यांचे जोड उघडतं.

जाहिरातीतल्या ‘100 टक्के वॉटरप्रूफ’ प्लायबद्दलही सांगतो. बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) हा त्यावरचा शिक्का मुख्यतः थरांमधला गोंद उकळत्या पाण्यात टिकतो याबद्दलचा असतो, लाकूड वाफ शोषणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. प्लाय रुंदीला कमी फुगतं कारण एक थर उभा, एक आडवा, आणि प्रत्येकाची लांबी शेजारच्याला धरून ठेवते. जाडीला मात्र ते फुगतंच.

आता उपयोगाचं. दाराची उंची उभ्या पट्ट्यांच्या लांबीवर ठरते आणि ती 2100 मिलिमीटरला एखाद मिलिमीटर बदलते. तेव्हा दार खाली फरशीला किंवा उंबरठ्याला घासत असेल तर पावसाला दोष देऊ नका, वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. ते सैल झाले की दार कुलपाच्या बाजूला खाली झुकतं, वरचा कोपरा चौकटीला लागतो आणि खालचा जमिनीला. भोकात बांबूच्या काड्या गोंद लावून ठोका, सुकू द्या, मग लांब स्क्रू मारा. चौकटीला खडू घासून दार एकदा लावून उघडा, जिथे पांढरं उमटेल तिथेच अडतंय. कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सलग पांढरं आलं तर मात्र ते फुगणंच.

तेव्हाही जुलैत भरपूर रंधा मारू नका. मी एकदा तसं करून घेतलं, आणि होळीच्या सुमारास दारात इतकी फट पडली की जिन्यातला दिवा घरात दिसायचा. फार अडत असेल तर अगदी एखाद मिलिमीटर काढा, बाकी काम डिसेंबर-जानेवारीत.

आणि दार उतरवाल तेव्हा खालची कड बघा. तिथे उभ्या पट्ट्यांच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि पाणी तिथून आडव्यापेक्षा कितीतरी पटीने वेगात चढतं, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच कड कोरी असते कारण पॉलिशवाला येतो तेव्हा दार आधीच टांगलेलं असतं. आमच्या दाराखाली मोबाइल सरकवून फोटो काढला तर नऊ वर्षांनंतरही लाकूड तसंच कोरं, फक्त फरशी पुसायच्या पाण्याने काळं पडलेलं. जानेवारीत दार उतरवून, चार दिवस सुकवून त्या कडेला पॉलिशचे तीन हात दिले, वरच्या कडेलाही दिले. या जुलैत दार थोडं आवळलं, पण खांदा लावावा लागला नाही.