पाच हजार वॅटचा स्टिकर आणि बेस

‘जितके जास्त वॅट, तितका दमदार बेस’ हे स्पीकरबद्दल वर्षानुवर्षं फिरतंय; बेस म्हणजे खालचा, जाड आवाज. आठवडी बाजारात स्पीकरवर ५००० वॅटचा स्टिकर दिसला की कोणालाही ते पटावं. पण हिशेब करून पाहा. २३० व्होल्टवर ५००० वॅट म्हणजे जवळपास २२ अँपिअर. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा. स्टिकरवरचा तो आकडा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा आणि बहुतेक कागदावरचाच. विचारायचा आकडा आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. तो लिहिलेला नसेल तर अडॅप्टर उलटा करून वाचा: १२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट. त्याहून जास्त ताकद सतत मिळणारच नाही. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो.

बेस ठरतो मुख्यतः वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, आणि त्याच्या पेटीवर. फटी असलेली, पातळ प्लायची पेटी नुसती खडखडते. टिनाच्या खोलीत तर छतही सोबत वाजतं.

एक गोष्ट मात्र यवतमाळ-वर्ध्याहून नवा अ‍ॅम्प्लिफायर आणण्याआधी तपासाच. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बेस विरतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, त्याच्याकडची वायरची टोकं काढा, भिंतीवरच्या घड्याळातला सेल त्यांना क्षणभर लावा; लाल वायर प्लसला. दोन्ही वूफरचे पडदे बाहेरच्या बाजूला सरकले तर जोडणी बरोबर आहे.