बीफ स्ट्रोगानॉफ

बीफ स्ट्रोगानॉफ : (रशियन – बेफस्त्रोगानव). गोमांसाचे लहान तुकडे किंवा पट्ट्या लोण्यात परतून, आंबट साय घातलेल्या दाट रशात अल्पकाळ मुरवून केलेला मूळचा रशियन पदार्थ. रशियात त्याच्याबरोबर तळलेला बटाटा, तर अमेरिकेत अंड्याच्या रुंद नूडल्स असतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत खिमा, नूडल्स आणि आंबट साय यांचे एकाच भांड्यात होणारे स्वस्त रूप इतके रूढ झाले, की तेथील अनेक घरांत ‘स्ट्रोगानॉफ’ म्हणजे हेच समजले जाते. त्यास मूळ पदार्थाचे भ्रष्ट रूप म्हणण्याचा प्रघात आहे; तथापि सर्वांत जुन्या छापील कृतीशी ताडून पाहिल्यास तो प्रघात पुरता समर्थनीय वाटत नाही.

नाव व उगम : नावाचा पूर्वार्ध ‘गोमांस’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे. उत्तरार्ध स्त्रोगानव या रशियन घराण्याचा. मिठाच्या व्यापारावर वर आलेल्या या घराण्याने सोळाव्या शतकात उरलच्या परिसरात मोठ्या जहागिऱ्या मिळविल्या आणि येर्माक या कोसॅक सरदाराच्या सायबेरियातील मोहिमेस पाठबळ दिले. धार्मिक प्रतिमाचित्रणाची (आयकॉन) एक शैली, मॉस्कोतील एक चित्रशाळा (१८२५) आणि सेंट पीटर्झबर्गमधील रास्त्रेल्ली या वास्तुकाराने बांधलेला प्रासाद या सर्वांना या घराण्याचे नाव आहे. त्यामुळे एखाद्या पदार्थास ते मिळावे यात नवल नाही. वाद आहे तो, घराण्यातील नेमक्या कोणत्या व्यक्तीवरून ते पडले याविषयी.

याबाबत प्रामुख्याने दोन व्यक्ती पुढे केल्या जातात. पहिली, पहिल्या अलेक्झांडर झारचा निकटवर्ती काउंट पावेल अलेक्सांद्रोविच स्त्रोगानव (मृत्यू १८१७). त्याचा जन्म पॅरिसचा, शिक्षण फ्रेंच वळणाचे. म्हणून त्याच्या पदरी फ्रेंच आचारी असणार आणि त्यानेच हा पदार्थ रचला असणार, असे अनुमान करतात. दुसरी व्यक्ती म्हणजे काउंट अलेक्सांद्र ग्रिगोर्येविच स्त्रोगानव (१७९५–१८९१). हा १८५५ ते १८६२ या काळात नोव्होरशिया व बेसरेबिया या काळ्या समुद्राकडील रशियन प्रदेशांचा गव्हर्नर जनरल होता आणि पुढे अखेरपर्यंत ओडेसातच राहिला. व्यवस्थित पोशाखातील कोणाही सुशिक्षिताने यावे आणि पंक्तीस बसावे, अशी त्याच्याकडे ‘खुली पंगत’ असे म्हणतात. अशा पंगतीत पानांची संख्या आधी कळत नाही. मांस बारीक चिरून रशात घातले की वाढप सोपे होते आणि पदार्थ पुरवताही येतो. रशियन पाककलेचा अभ्यासक व्हिल्यम पोख्ल्योबकिन (१९२३–२०००) याने ओडेसाच्या काउंटचाच पक्ष घेतला आहे. वृद्ध काउंटचे दात पडल्यामुळे आचाऱ्याने मांस बारीक केले, ही कथा मात्र दंतकथेपलीकडे नेण्याचे कारण दिसत नाही. बारीक चिरलेल्या मांसाच्या कृती रशियन आणि फ्रेंच या दोन्ही स्वयंपाकांत आधीपासून होत्या.

फ्रेंच पाककोशांच्या परंपरेत आणखी एक नाव येते. सेंट पीटर्झबर्ग येथे काम करणाऱ्या शार्ल ब्रिएर या फ्रेंच आचाऱ्याने १८९१ च्या सुमारास एका पाकस्पर्धेत या नावाची कृती सादर केली आणि तिची फ्रेंच नियतकालिकात नोंद झाली. यावरून पदार्थाचे जनकत्व ब्रिएरकडे देणे बराच काळ चालू होते. तथापि येलेना मोलोखोवेत्स (१८३१–१९१८) हिच्या तरुण गृहिणींना भेट या अर्थाचे शीर्षक असलेल्या रशियन ग्रंथाच्या १८७१ च्या आवृत्तीत ‘मोहरीसह, स्त्रोगानव पद्धतीचे गोमांस’ ही कृती आलेली आहे. ब्रिएरची नोंद त्यानंतर वीस वर्षांनी होते. त्यामुळे त्यास प्रसारक म्हणता येईल, जनक नाही. काही ठिकाणी या छापील कृतीचे वर्ष १८६१ असे आढळते. ते ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष असून, गोंधळ तेथूनच झाला असावा. १८७१ हे वर्ष धरणे अधिक सुरक्षित होय.

या कृतीत मांसाच्या पट्ट्या नसून चौकोनी तुकडे आहेत. लोणी व मैदा परतून त्यात मांसाचे सूप सोडायचे, तयार मोहरी घालायची, आणि शेवटी थोडीशी आंबट साय. अळंबी नाहीत, मद्य नाही. सायीचे प्रमाण तर चमचे मोजून दिल्यासारखे अल्प आहे; रशास दाटपणा येतो तो मैद्याने. शीर्षकातच मोहरीचा उल्लेख असल्याने, पदार्थाचे वेगळेपण त्या काळी सायीपेक्षा मोहरीत मानले जात असावे. ही मोहरी व्होल्गाकाठच्या सारेप्ता या जर्मन वसाहतीची (स्थापना १७६५). तेथे ब्रासिका जुन्सिया या जातीच्या मोहरीवर प्रक्रिया करण्याचा उद्योग भरभराटीस आला होता आणि जर्मन भाषेत या जातीस आजही सारेप्ता मोहरी म्हणतात. तिचा झणका अलाइल आयसोथायोसायनेट या उडून जाणाऱ्या द्रव्यामुळे असतो. रशात शिजवली की तिखटपणा ओसरून किंचित कडसर, खमंग चव उरते. नंतरच्या कृतींत मोहरी मागे पडली, आणि चवीचा एक कणाच गेला असे म्हणावे लागते.

पेलागेया अलेक्सांद्रोव्हा-इग्नात्येव्हा हिच्या १९१२ च्या कृतीत कांदा आणि टोमॅटो आले. सोबत काडीसारखे चिरून कुरकुरीत तळलेले बटाटे आले. रशियात ‘पारंपरिक’ म्हणून जे वाढले जाते ते बहुतांशी येथून सुरू होते. अळंबी रशियाबाहेर, मुख्यतः विसाव्या शतकात, अविभाज्य झाली. नाव एका व्यक्तीवरून पडले असे धरण्यापेक्षा, मातब्बर घराण्याचे नाव पदार्थास देण्याच्या तत्कालीन रिवाजाने ते आले असे मानणे उपलब्ध पुराव्यास अधिक धरून होईल.

मांस : जुन्या कृतींत पाठीच्या कण्यालगतचा मऊ भाग सांगितलेला असतो. या स्नायूस जनावराच्या हालचालीत फारसे काम नसल्याने त्यात जोडऊतक कमी असते आणि तो काही मिनिटांत शिजतो. प्रत्येक जनावरात तो थोडाच निघतो, म्हणून महाग. खांद्याचा स्वस्त भाग तशाच पट्ट्या करून परतल्यास चामड्यासारखा होतो. त्यातील कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जिलेटीन होण्यास सुमारे ७० से. च्या वरचे तापमान आणि दीड-दोन तासांचा संथ उकाळा लागतो. वेळ असेल तर हा भाग उलट अधिक चविष्ट ठरतो, कारण जिलेटीनने रसाला अंग येते. वेळ नसेल तर खिमा : यंत्राने स्नायूंचे तंतू व जोडऊतक आधीच तोडलेले असल्याने चिवटपणाचा प्रश्नच निकालात निघतो. खिम्याचा दोष म्हणजे तो पाणी फार सोडतो. ते आटेपर्यंत मांस उकडले जाते, भाजले जात नाही. तपकिरी खरपूसपणा आणणारी माइयार अभिक्रिया साधारण १४० से. च्या आसपास जोर धरते आणि ओल्या भांड्यात तितके तापमान चढत नाही. म्हणून पसरट भांडे, मोठी आच आणि न ढवळण्याचा संयम आवश्यक. अमेरिकी कृषिखात्याच्या सूचनेनुसार खिमा आतून ७१ से. पर्यंत शिजावा लागतो.

आंबट साय : पदार्थ बिघडतो तो बहुधा येथेच. रशियन ‘स्मेताना’ आणि अमेरिकी ‘सोअर क्रीम’ या दोन्ही लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी आंबवलेल्या सायी आहेत. अमेरिकी प्रकारात स्निग्धांश किमान १८ टक्के असतो, स्मेतानात तो कमीअधिक असून बराच वरही जातो. आंबट सायीचे सामू (पीएच) मूल्य साधारण ४·५ असते, म्हणजे केसीन हे प्रथिन ज्या मूल्यास (४·६) गोठते त्याच्या अगदी लगत. प्रथिनांचे जाळे आधीच विणले गेलेले असते. उकळी दिली की ते आवळते, पाणी पिळून निघते आणि रस्सा रवाळ होतो, फाटतो. स्निग्धांश अधिक असल्यास प्रथिनांचे प्रमाण कमी राहते आणि धोकाही कमी होतो. यामुळेच सुमारे ३० टक्के स्निग्धांशाची फ्रेंच आंबट साय उकळीतही टिकते आणि ‘कमी चरबीची’ म्हणून घेतलेली साय हटकून फाटते. मैद्याचा स्टार्च फुगून प्रथिनांच्या आड येतो, हे दुसरे संरक्षण. व्यवहारात भांडे आचेवरून उतरवावे, सायीत दोन-तीन डाव गरम रस्सा कालवून तिला ऊब आणावी, मग ती भांड्यात सोडावी आणि पुन्हा उकळी येऊ देऊ नये. फाटलेला रस्सा ढवळून पूर्ववत होत नाही.

अमेरिकी नूडल्सचे रूप : १९१७ च्या क्रांतीनंतर रशियन निर्वासितांबरोबर हा पदार्थ हार्बिन, शांघाय, पॅरिस, न्यूयॉर्क येथे गेला. अमेरिकेत १९५० च्या दशकात तो पाहुण्यांसाठीचा, उंची पदार्थ होता. तांदूळ आणि नूडल्स असे दोन्ही आधार तेथे दिसतात. नूडल्सचा पगडा बसला तो बहुधा मध्य यूरोपीय स्थलांतरितांच्या अंड्याच्या नूडल्स आधीपासून घरोघरी असल्याने. अमेरिकी अन्ननियमांनुसार ‘एग नूडल्स’ या नावाने विकण्यासाठी त्यांत अंड्याचा घनांश वजनाने किमान ५·५ टक्के असावा लागतो.

स्वस्ताईकडे नेणाऱ्या दोन गोष्टी बाजारातून आल्या. कॅम्पबेल कंपनीने १९३४ मध्ये अळंबीचे घट्ट डबाबंद सूप आणले. मैदा परतणे, सूप करणे, अळंबी चिरणे ही तिन्ही कामे त्या डब्याने उरकली. दुसरी म्हणजे जनरल मिल्स कंपनीचे ‘हॅम्बर्गर हेल्पर’. मांसाचे भाव चढलेले असताना १९७१ मध्ये ते अमेरिकाभर आले. एक पौंड खिमा, एक खोका, एक तवा आणि पाच माणसांचे जेवण, हा त्याचा हिशेब. पहिल्याच काही प्रकारांत बटाट्याचे स्ट्रोगानॉफ होते. तत्पूर्वी १९६० मध्ये पेग ब्रॅकन या लेखिकेने खिमा, नूडल्स आणि डबाबंद सूप यांच्या आपल्या कृतीस ‘स्किड रोड स्ट्रोगानॉफ’ म्हटले होते. स्किड रोड म्हणजे निष्कांचनांची वस्ती. काउंटच्या नावाला तिने दाखवलेली ही जागा वाचकांना चांगलीच कळली असणार.

डबा टाळूनही ही कृती तितकीच स्वस्त होते. चार ते सहा जणांसाठी सुमारे ४५० ग्रॅम खिमा, २२५ ग्रॅम नूडल्स, एक मोठा कांदा, मूठ-दोन मूठ अळंबी, दोन चमचे मैदा आणि कपभर आंबट साय पुरते. खिमा खरपूस झाला की कांदा व अळंबी त्याच चरबीत परतायची, मैदा भुरभुरून मिनिटभर भाजायचा, पाऊण ते एक लिटर मांसाचे सूप सोडायचे आणि कच्च्या नूडल्स त्यातच शिजवायच्या. नूडल्स वेगळ्या उकडून पाणी ओतून दिले तर त्यांचा स्टार्चही वाहून जातो. येथे तो रशातच राहतो. साय शेवटी, आच बंद केल्यावर. मोहरीचा एक चमचा तेव्हाच. खिम्याचा चौथा हिस्सा कमी करून तितकी अळंबी बारीक चिरून घातली तरी चव पडत नाही, कारण अळंबीतील ग्लुटामेट मांसाची चव उचलून धरते. मैदा, सूप, जराशी मोहरी, शेवटी साय : हा आराखडा १८७१ च्या कृतीचाच आहे. उलट महाग मांस व भरपूर क्रीम यांची उपाहारगृही पद्धत त्या कृतीपासून अधिक दूर आहे.

शिजवलेला पदार्थ दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. गोठवायचा असल्यास साय व नूडल्स घालण्यापूर्वीचा भाग गोठवावा. सायीचा रस्सा गोठून वितळला की पाणी सुटते आणि नूडल्सचा लगदा होतो.

अन्य देश : ब्राझीलमध्ये ‘एस्ट्रोगोनोफी’ कोंबडीचेही करतात, त्यात टोमॅटो व क्रीम असून सोबत भात आणि बटाट्याच्या कुरकुरीत काड्या असतात. इराणमध्येही बटाट्याच्या काड्या रूढ आहेत. जपान व हाँगकाँग येथे तो भाताबरोबर खातात. फिनलंडमध्ये खारवलेल्या काकडीचे तुकडे घालतात. स्वीडनमध्ये मांसाच्या पट्ट्यांची जागा फालुकोर्व्ह या सॉसेजने घेतली असून, ‘कोर्व्ह स्ट्रोगानॉफ’ हे तेथील रोजचे जेवण आहे.